गोजरबाईची तिवई

मला तिवई म्हणतात, मित्रांनो. तीन पायांची, बाभळीच्या लाकडाची आणि आता बरीच म्हातारी. तुमच्यातल्या कोणी मला ओळखलं नाही तरी मी रागावणार नाही. पूर्वी खळ्यात ज्वारी मळून झाली की एक माणूस माझ्यावर उभा राहायचा. टोपल्यातलं धान्य तो उंचावरून हळूहळू खाली सोडायचा. वारा त्यातला भुसा उडवून न्यायचा आणि दाणे खाली ढीग करून पडायचे. उपणणाऱ्या माणसाला उंचावर न डगमगता धरून ठेवायचं, हेच माझं काम.

मेहकर तालुक्यातल्या जानेफळ गावी शालिग्राम सुतारानं मला घडवलं. शेवटचा पाय ठोकून झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर चढला आणि एखाद्या पोरासारखा उड्या मारू लागला. मी जरासुद्धा हलले नाही. तेव्हा तो खाली उतरला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "झाली कामाची." एवढंच. पण ते शब्द मला फार गोड लागले.

मी गेले सोजराबाईंच्या घरी. त्यांचे मालक पुंजाजी नुकतेच वारले होते. घरी मुलगा अर्जुनराव, धाकटी लेक गीता, थोडी कोरडवाहू जमीन आणि विहिरीखाली वांगी-मिरचीचा मळा. शेजारीच सोजराबाईंचे दीर रंगराव राहायचे. घरातल्या मोठ्या गोष्टींत त्यांचा शब्द चालायचा.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच सुमाराला अर्जुनरावांचं लग्न झालं. वरवट बकालहून गोजरबाई सून होऊन आली. अंगानं शिडशिडीत, बोलायला कमी, पण हाताला भारी उरक. त्या साली सुगीत अर्जुनराव तापानं अंथरुणाला खिळले. खळ्यात मळलेली ज्वारी पडलेली, आभाळ भरून येत चाललेलं आणि नेमका वारा सुटला. सोजराबाई डोक्याला हात लावून बसल्या. गोजरबाईनं लुगड्याचा काचा घट्ट केला, टोपलं उचललं आणि ती माझ्यावर चढली. तोवर आमच्याकडे बाई तिवईवर चढली नव्हती. पण तिचे पाय माझ्यावर पडले आणि मला कळलं, हे पाय डगमगणारे नाहीत. दिवस मावळायच्या आत ज्वारी स्वच्छ होऊन घरात आली. त्यानंतर दर साली तीच उपणायची. लोक बांधावर थांबून पाहायचे. तिच्याइतकाच अभिमान मलाही वाटायचा, हे मी लपवणार नाही.

मग एका सुगीत तिचा पाय माझ्यावर पडला तो थरथरतच. मला वाटलं, दमली असेल. पण टोपलं तिच्या हातातून निसटलं. तिनं बोटं मिटायचा प्रयत्न केला, तर ती मिटेचनात.

मित्रांनो, इथून तिचे कठीण दिवस सुरू झाले. सकाळी उठली की बोटं आणि गुडघे लाकडासारखे ताठ झालेले असत. ऊन वर चढलं की सांधे जरा सैल होत, तर अर्धं डोकं ठणकू लागे. उजेड नको, आवाज नको, भाकरीचा वास नको, असं होऊन जाई. ते उतरतं न उतरतं तोच महिन्यातले काही दिवस पोटात अशा कळा येत की ती भिंतीला धरून उभी राही. एक दुखणं झोपलं की दुसरं उठे. आणि मधेच एखादा दिवस असा यायचा की काहीच दुखत नसे. त्या दिवशी ती झपाझप सारी कामं उरकायची. लोकांच्या नजरेत मात्र तोच दिवस भरायचा.

"काल तं खाटेवर पडून होती. आज पाहा कशी पयते!" शेजारणी म्हणायच्या.

सोजराबाई तर उघडच बोलायच्या. "सकाळी बोटं, दुपारी डोसकं, सांजच्याले पोट! एका मानसाले एवढे रोग असतात काय व? हे काम टाळाचे धंदे हायेत."

गोजरबाई दात दाबून चुलीपुढे बसायची आणि उठताना भिंतीचा आधार घ्यायची. वैद्याचं तेल झालं, तापवलेल्या विटेचा शेक झाला, अंगारे-धुपारे झाले. उपणायला गडी आपलीच तिवई घेऊन येऊ लागला आणि मला तर सगळे विसरूनच गेले. मी गोठ्यात जाऊन पडले. कोंबड्या माझ्यावर झोपू लागल्या. गोऱ्ह्याच्या धक्क्यानं माझा एक पाय खाली चिरला, तोही कोणी पाहिला नाही.

शेवटी अर्जुनरावांनी मन घट्ट केलं आणि तिला एस.टी.नं बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर गोठ्यात बैलांना चारा टाकताना ते आईला सांगत होते, ते मी ऐकलं.

"डाक्तर म्हनले, एक दुखनं असतं तं सोपं होतं. हिले तीन हायेत. संधिवात येगळा, अर्धशिशी येगळी, पोटाचं येगळं. अन् एक उठलं की दुसऱ्याले जागं करते. गोळ्या देल्या. पन पुरतं बरं होनार नाई म्हनले. आराम पाहून काम कराचं, अन् जमिनीवर बसाचं नाई."

"जमिनीवर बसाचं नाई तं काय झाडावर बसाचं?" सोजराबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई गोठ्यात आली. कोंबड्या हाकलून तिनं मला उभं केलं, माझ्या पायांवरून हात फिरवला आणि आपल्या गुडघ्याशी माझी उंची ताडून पाहिली. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा शालिग्रामची करवत माझ्या पायांवर होती.

"गुडघे दुमडले नाई पायजेत, शालिग्रामभाऊ," ती सांगत होती, "अन् बसाची जागा जरा रुंद करा. पाठ टेकाले मागं एक फळी ठोकून द्या."

मित्रांनो, करवत चालली तेव्हा मला दुखलं. माझी उंची गेली. आता खळ्यात मला कोण विचारणार, असं वाटलं. पण मग गोजरबाई माझ्यावर बसली. तिनं पाठ मागच्या फळीला टेकवली आणि एक मोठा श्वास सोडला. किती दिवसांचा तो कोंडलेला श्वास होता कोण जाणे! माझं दुखणं मी तिथल्या तिथे विसरले.

अर्जुनरावांनी विटा रचून तिच्यासाठी उंच चूल घातली. गावात तशी चूल कोणी पाहिली नव्हती. ती माझ्यावर बसून स्वयंपाक करी, भाजी निवडी, मिरच्या खुडी. डोकं उठलं की दार लोटून अंधारात बसे आणि उतरलं की पुन्हा कामाला लागे. दुखणं होतंच. पण आता दिवस कसा काढायचा ते तिनं ठरवलेलं असायचं.

अडचण वेगळीच निघाली. सासू खाली जमिनीवर आणि सून वर तिवईवर, हे लोकांना पाहवेना. बायका सोजराबाईंना टोचून बोलत. रंगराव तर म्हणत, घराण्याची अब्रू गेली. ते अंगणात आले की गोजरबाईला उठून उभं राहावं लागे. दर वेळी उठताना तिच्या गुडघ्यांतून निघालेली कळ मला माझ्या लाकडात जाणवायची.

अशात गीताचं लग्न ठरलं. लोणारचं स्थळ, चांगली खाती-पिती माणसं. दारात मांडव पडला. पंगतीची वांग्याची भाजी गोजरबाईच्या सांगण्यावरून करायची, असं गीतानंच हट्टानं ठरवलं होतं. गोजरबाई सकाळपासून मोठ्या कढईजवळ माझ्यावर बसली होती. तिची बोटं त्या दिवशी फारच सुजली होती. तरी कधी तिखट, कधी खोबरं, कधी जाळ कमी, असं ती एकेक सांगत होती आणि बायका तसं करत होत्या.

इतक्यात पाहुण्यांना घेऊन रंगराव आले. तिला पाहून ते जागीच थांबले.

"हे काय हाय? सोयरे दारात अन् सून गादीवर! उतर खाली!"

अर्जुनराव खालच्या आवाजात म्हणाले, "उतर व. आजच्या दिवस."

गोजरबाई माझ्या कडेवर हात दाबून उभी राहिली. पदर सारखा केला. मला वाटलं, आता ही रडेल.

"मामाजी, उतरली मी," ती म्हणाली. "पन खाली बसनार नाई. बसली तं मले चौघीजनींनं उचला लागन. गीताच्या लग्नात मले ते नाई पायजे. मी उभी राहून भाजी पाहीन."

"तं घरात जाऊन पड."

"घरात काऊन? मले दुखनं हाय, मामाजी. म्या काई गुन्हा नाई केला."

रंगरावांचा चेहरा लाल झाला. "दुखनं, दुखनं! कोनी पाह्यलं तुह्यं दुखनं?"

गोजरबाईनं आपले दोन्ही हात पुढे केले, पण ते सोजराबाईंपुढे. "आत्याबाई, तुम्ही पाहा."

सोजराबाई पुढे आल्या. सून घरात आली त्याला इतकी सालं झाली होती, पण त्यांनी तिचा हात असा कधी हातात घेतला नव्हता. आता घेतला. बोटांचे सांधे सुपारीसारखे टणक झालेले आणि नुसते पेटलेले. त्यांनी दुसरा हात चाचपला. मग वाकून लुगड्यावरून तिच्या गुडघ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मग त्या माझ्याजवळ आल्या. आपल्या पदरानं मला पुसलं. मला स्वतः ओढत त्यांनी कढईजवळ नेलं.

"बस, पोरी."

"वहिनी," रंगराव म्हणाले, "सोयरे हासतीन."

"हासू द्या, भाऊजी. त्याइच्या घरी कोनाचंच दुखत नसन, तं चांगलंच हाय. ही पोर तव्यावानी तापून राह्यली अन् सकाळपासून तुमच्या पंगतीचं पाहून राह्यली. म्या आंधळीनं आजवर पाह्यलं नाई. आता पाह्यलं."

गोजरबाई बसली. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं धुरावर ढकललं आणि म्हणाली, "जाळ कमी करा व, भाजी लागन."

पाहुणे कोणी हसले नाहीत. रंगराव पंगतीत मान खाली घालून जेवले, पण भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. आणि जेवणं आटोपल्यावर, बायका पांगल्यावर, लोणारच्या विहीणबाई सुभद्राबाई हळूच कढईजवळ आल्या. इकडे-तिकडे पाहून म्हणाल्या, "गोजरबाई, जराशीक बसू काय व? माह्यी कंबर धरली हाय. कोनाले सांगाची सोय नाई."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं नवं आयुष्य सुरू झालं. भाजी घ्यायच्या निमित्तानं बायका आमच्या दारी येऊ लागल्या. थोडा वेळ माझ्यावर बसत आणि आपलं दुखणं मोठ्यानं सांगत. कोणाची पाठ, कोणाचं डोकं, कोणाच्या बाळंतपणापासून राहिलेल्या कळा. गोजरबाई औषध सांगत नसे. ती ऐकून घेई आणि म्हणे, "खरं हाय. दुखते." तेवढ्यानंच त्या बाईचा चेहरा हलका होई. काहींना तिनं धीर देऊन बुलढाण्याला पाठवलं. शालिग्रामनं माझ्यासारख्या आणखी तिवया केल्या आणि त्या कितीतरी घरांत गेल्या.

आठवडी बाजारात गोजरबाई माझ्यावर बसूनच वांगी विकू लागली. बाकी सारे खाली गोणपाटावर, ती उंच. लोक लांबून ओळखत आणि "तिवईवाल्या बाईची वांगी" म्हणून मागत. खळ्यातल्या वाऱ्यात मी एकेकाळी दिमाखानं उभी राहायची. पण खरं सांगते, बाजारात तिला घेऊन बसताना मला जो अभिमान वाटे, त्याची सर खळ्यातल्या दिमाखाला नव्हती.

ती बरी झाली का, असं तुम्ही विचाराल. नाही झाली. आजही तिचे वाईट दिवस येतात. परवाच तसा दिवस होता. बोटं, डोकं, पोट, सगळ्यांनी एकदम उठाव केलेला. ती आत निजली होती आणि मी ओसरीवर रिकामी होते. वांगी घ्यायला एक बाई आली आणि म्हणाली, "काऊन, आज सून दिसत नाई?"

सोजराबाई आता थकल्या आहेत, पण आवाज तसाच खणखणीत आहे. त्या म्हणाल्या, "आज तिच्या दुखन्याचा दिवस हाय. निजली हाय ते. वांगी मी देतो. तिच्या हातचीच पायजेत तं उद्या-परवा ये." पुढे एक अक्षर नाही. ऊन पडलंय, पाऊस आलाय, असं सांगावं तितक्या सहज.

माझ्या जुन्या लाकडाला त्या दिवशी केवढं बरं वाटलं!

म्हणून मित्रांनो, माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कोणी म्हणालं की मला दुखतंय, तर खुणा आणि पुरावे मागत बसू नका. काल हसत होती, आज कशी आजारी, असं मोजू नका. आधी हो म्हणा आणि बसायला काहीतरी पुढे सरकवा. बोलणं नंतर होईल.