फायरआबेन्ट

...मिठाच्या बरणीवरची पिवळी चिठ्ठी वाफेनं पुन्हा एका कोपऱ्याला सुटली होती, आणि रेश्मा ती अंगठ्यानं दाबत उभी होती — दास झाल्त्स, मीठ — दाबली की बसायची, बोट काढलं की उठायची. वर्षभरात घरातल्या दारा-खिडक्यांना जर्मन नावं मिळाली होती. वरवंट्याला तिकडं काय म्हणतात ते क्लासच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं, तेव्हा तो आपला नुसता 'श्टाइन', दगड, झाला होता. आई, बनुबाई, पुसताना चिठ्ठ्यांच्या कडेकडेनं फडकं फिरवायची. हे सगळं कशासाठी चाललंय ते तिला माहीत होतं. मिरजेच्या दवाखान्यातली नोकरी सोडून मुलगी जर्मनीत नर्स म्हणून जाणार... म्हणजे गेली तर. उद्या दुपारपर्यंत तिकडच्या दवाखान्याला हो की नाही ते कळवायचं होतं, आणि तेवढंच रेश्मानं आईला सांगितलं नव्हतं.

वडील गेल्यापासून घरात दोघीच. उसाला पाणी, म्हशीची धार, स्वयंपाक — आईचा दिवस नेमका कुठं संपतो हे रेश्माला कधी सापडलं नव्हतं, आणि म्हणूनच की काय, कालच्या तासाला शिकलेला तो शब्द तिला सोडत नव्हता. फायरआबेन्ट. काम आटोपल्यानंतरची संध्याकाळ. तिच्यावर ना साहेबाचा हक्क, ना घरच्यांचा. आपल्याकडं असा शब्द का नाही, म्हणून ती रात्री थोडी चिडलीसुद्धा होती... पण बायकांच्या वाट्याला ती संध्याकाळच नाही, तर तिला नाव कोण ठेवणार?

शेंगा फोडत बसलेल्या आईला तिनं तो शब्द समजावून सांगितला.

"म्हंजी समद्यांचंच काम संपतं?" बनुबाईनं विचारलं.

"व्हय, समद्यांचं."

"मग भाकरी कोन थापतं?"

रेश्माला हसू आलं. "सांजचं ते पावावरच भागवत्यात, आई."

"मग बरं हाय की," बनुबाई मनापासून म्हणाली. दोन-चार शेंगा फोडल्या, टरफलं फुंकली. "तू गेलीस की माझ्याबी समद्या सांजा तसल्याच. एकटीसाठी कोन तवा ठेवतंय?"

रेश्मानं त्या आवाजात तक्रार शोधली, टोमणा शोधला... काहीच नव्हतं. कालपासून त्या एका शब्दात तिनं काय काय मांडून ठेवलं होतं — खिडकीशी खुर्ची, कॉफी, बाहेर बर्फ, पाय वर घेऊन नुसतं बसणं — आणि आता तिथं आई येऊन बसली होती, दिवा न लावता, न जेवता. तिला आईचा रागच आला. 'नको जाऊस' म्हणाली असती, तर भांडून तरी जाता आलं असतं. भांडणाची सगळी वाक्यं तिनं महिनाभर घोकून ठेवली होती. ती सुपाजवळ बसली, मूठभर शेंगा ओढून फोडू लागली. शेजारी आईचा गुडघा टेकलेला होता, आणि जावंसं तर अजूनही तितकंच वाटत होतं.