दिराचा माळ

पणजेसासऱ्यांनी त्या माळावर मेंढ्या चारल्या, आजेसासऱ्यांनी त्याचे गवत कापून विकले आणि सासऱ्यांनी तो दोन मुलांत निम्मा-निम्मा वाटला. परंतु तिथे पहिले झाड लावले ते थोरल्या सुनेने.

धाकटा दीर दूर नोकरीला निघाला, तेव्हा त्याने आपला हिस्सा, फाटकाच्या किल्लीसह, तिच्या हवाली केला. "वहिनी, आहे तसा सांभाळा. परत घेताना असाच हवा."

थोरल्या हिश्श्यावर वहिनींची रोपवाटिका होती. उघडा माळ त्यांच्या डोळ्यांना उजाड दिसे. दिराला चकित करावे म्हणून त्यांनी बाहेरून आणलेली, भराभर वाढणारी झाडे लावली, बादलीने पाणी घालून जगवली. दीर परतला, सावलीत उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "झाडी झकास आहे. माझा माळ कुठाय?"

"उपकार राहिले बाजूला, वर तोंड करून विचारताय!" वहिनी कडाडल्या. नवऱ्याने त्यांचीच बाजू घेतली. भावाभावांचे बोलणे तुटले, आणि ते तसेच तुटलेले ठेवून नवरा गेला.

त्यानंतर वहिनी एकट्याच त्या झाडांखाली फिरू लागल्या. गवताची काडी नाही, फुलपाखरू नाही. जमिनीवर घरटे करणारे चंडोल केव्हाच निघून गेलेले. एवढी सावली धरली, आणि तिच्या आश्रयाला कोणीच आले नव्हते.

करवतीचा आवाज ऐकून दीर धापा टाकत आला. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आत्ता आलंय. भाऊजी, तुमच्या घराच्या कुंपणाकडेचं गवत पिकलं की मला द्या. माळाचं बी तेवढंच उरलंय."

"म्हणजे माझंच बी घेऊन माझंच देणं फेडणार? पक्क्या आहात!"

"पक्की असते तर तेव्हाच नसतं का कळलं?"

बुंधे जमिनीलगत कापले, पण मुळे उपटली नाहीत. माती उलथली असती तर नुसते तण माजले असते. पिकलेले गवत वर अंथरले आणि बी आपसूक गळू दिले. बुंध्यांना फुटवे येत राहिले. ते वहिनींनी गुडघे टेकून, स्वतःच्या हाताने खुडले. याच हातांनी त्या झाडांना पाणी घातले होते.

गवत कमरेला लागले, तेव्हा त्यांनी दिराला बोलावले. तो आत शिरला आणि पायापासून चंडोल भुर्रकन उडाला. उचललेला पाय दिराने तसाच मागे घेतला. गवताच्या बुडाशी घरटे होते.

"तुमचे दादा असते तर..." वहिनी म्हणाल्या.

"ते राहू द्या, वहिनी. माळ मिळाला. होता तसा मिळाला."

त्याने हात पुढे केला. वहिनींनी फाटकाची किल्ली त्यावर ठेवली.