वरचं पॉइंट सहा

लातुरात मुलं फिजिक्सला घाबरतात आणि फिजिक्स तनुजाला. तनुजा माझी धाकटी भावजय. एका क्लासमध्ये मेडिकलच्या मुलांना शिकवते. तिच्या फ्रिजवर एक वेळापत्रक चिकटवलेलं आहे : घटक चाचणी, उजळणी, सराव परीक्षा. पाहुण्यांना वाटतं, मुलाचं, शिवांशचं असेल. शिवांश सहावीत आहे आणि त्याचं कशाचंच वेळापत्रक नाही. ते पद्मिनीचं आहे.

पद्मिनी ही आमच्या वडिलांची एकोणनव्वद सालची गाडी. वाटणीत ती कुणालाच नको होती, तनुजाने मागून घेतली. जानेवारीत कोईमतूरच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची शर्यत आहे आणि तिथे ती स्वतः चालवणार आहे. तिचा नवरा, माझा भाऊ मृत्युंजय, या प्रकरणात अलिप्त राष्ट्र आहे. मी नांदेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे असली राष्ट्रं मला ओळखू येतात. ती वेळेवर डबा भरून देतात आणि मतदानाच्या वेळी भाजी आणायला जातात.

इंजिनासाठी मी तिला मल्लिनाथकडे नेलं. नांदेडातच देगलूर नाक्याजवळ त्याची ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड आहे. तरुणपणी तो हैदराबादेत एका शर्यतवाल्याकडे कामाला होता. तो विषय निघाला की हातातला पाना खाली ठेवतो.

त्याने पाना खाली ठेवला. "मॅडम, गल्लीतली पोरं काय म्हनतेत?"

"टर्बो लावा म्हणतात."

"म्हनू द्या. टर्बो म्हंजे जेवणाऱ्याच्या तोंडात घास कोंबणं. इंजिन कसं, आपल्या भुकेनं जेवलं पायजे."

"तसंही नियमात टर्बो बसत नाही," तनुजा म्हणाली. "ब्लॉक मूळच्या बनावटीचा, हेडही. हवा इंजिनाने स्वतः ओढायची."

"मग नियम करणारा जेवून-खाऊन सुखी माणूस हाय," मल्लिनाथ म्हणाला आणि पानटपरीवाल्याला चहा सांगितला. करार झाला.

पुढचे पाच रविवार नुसता आराखडा चालला. एकही नट फिरला नाही. मी एवढं नियोजन पाहिलं नव्हतं. आमच्या कॉलेजची इमारतसुद्धा याहून कमी विचारात उभी राहिली आहे. तनुजा शेडच्या भिंतीवर खडूने गणित मांडायची, मल्लिनाथ ते पाहून मान हलवायचा आणि मग कानात तेच गणित ऐकल्यासारखा आकडा सांगायचा. पाचांतल्या चार वेळा दोघांचे आकडे जुळायचे. पाचव्या वेळी तनुजा आपलं गणित पुसायची. ही बाई वर्गात कुणाचं ऐकत नाही, हे मी तिच्या विद्यार्थ्यांकडून ऐकून आहे.

सगळ्या आराखड्याचा जीव एका गोष्टीत होता : श्वास. हवा किती आत येते, किती दाबली जाते, किती सुटसुटीत बाहेर जाते. दोन कार्ब्युरेटर, धुराचे चार सारख्या लांबीचे पाइप, घुमटी माथ्याचे पिस्टन. आणि दाब : दहास एक. मूळ गाडीत त्याहून बराच कमी होता. तो वाढवायला हेडचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचा, तळ बरोबर एक पॉइंट दोन मिलिमीटर घासायचा. जास्त घासला तर दाब वाढतो, पंपावरचं पेट्रोल तो सोसत नाही, वेळेआधी भडकतं आणि पिस्टनला भोक पाडतं.

हेड एकच होतं. मूळचं तडकलेलं. हदगावपासून देगलूरपर्यंत शोधल्यावर त्याच बनावटीचं एक धड मिळालं, तेही सोयाबीनच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेलं. ते गेलं की जानेवारी गेला.

घासायचं काम लातूरच्या लिंबाजीकाकांकडे. त्यांच्या मशीनवर घासलेल्या तळात चेहरा दिसतो. हेड नेण्या-आणण्याची जबाबदारी माझी, कारण आराखड्यात माझ्या शिक्षणाला झेपेल असं तेवढंच होतं. सोबत तनुजाच्या अक्षरातला कागद दिला : १.२.

शुक्रवारी आणायला गेलो तर काकांनी हेड नव्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं. "प्रोफेसर, मॅडमला सांगा, कागदावर व्हतं त्याच्या वर थोडं घातलंय. आपल्या घरचं काम हाय."

मी मनापासून आभार मानले.

शनिवारी मल्लिनाथने हेड उलटं ठेवलं, वर काचेची पट्टी लावली आणि गुरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिरिंजने, हवा जिथे दाबली जाते त्या एकेका खळगीत किती मावतं ते मोजत रॉकेल भरलं. तीन वेळा भरलं. मग स्टुलावर बसला.

"तीस मिली पायजे व्हतं. साडेसत्तावीस भरून राहिलंय. पॉइंट सहा जास्त घासलंय म्हाताऱ्यानं."

"म्हणजे दाब?"

"अकराच्या घरात. प्रोफेसर, धातू काढता येतो. चिकटवता येत न्हाई."

तेव्हा मला 'वर थोडं' म्हणजे काय ते कळलं. लिंबाजीकाकांची नात ज्ञानेश्वरी तनुजाकडे शिकली आणि मेडिकलला लागली. तेव्हापासून काका काहीतरी द्यायला टपले होते. बाजारात माप झालं की वर ओंजळभर घालतात. काकांनी तसं घातलं. फक्त त्यांच्या धंद्यात घालणं म्हणजे काढणं. दाब वाढवायचाय एवढं त्यांना ठाऊक होतं, मग कंजुषी कशाला?

रविवारी सकाळी तनुजा एसटीने आली. हेड पाहिलं. चेहरा घटक चाचणीच्या निकालासारखा.

"काकांना फोन लावू?" मी विचारलं.

"अजिबात नाही, भाऊजी. दोन वर्षं वाट बघून दिलंय त्यांनी."

आधी एक भीती होती : हेड पातळ झाल्यावर त्यातला हवेचा व्हॉल्व्ह पिस्टनच्या माथ्याला तर आपटणार नाही? मल्लिनाथने घराकडे तोंड करून हाक मारली, "रुक्मिणबाई, कणकेचा गोळा!"

रुक्मिणबाई गोळा घेऊन आल्या. "भाकरीचं पीठ दिलं तर चालत न्हाई ह्यांच्या इंजिनाला. मोडतं म्हनं. माणसं मात्र भाकरी खातेत."

कणीक पिस्टनवर थापली, हेड बसवलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, पुन्हा उघडलं. कणकेत व्हॉल्व्हचा ठसा. मल्लिनाथने सुरीने कापून जाडी मोजली. सव्वादोन मिलिमीटर. वाचलो. पण दाबाचं तसंच.

तनुजा भिंतीकडे गेली. पाच रविवारांचा आराखडा वरून खाली वाचला, आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "मल्लिनाथअण्णा, हे तुम्ही लिहिलं होतं आणि मी खोडलं होतं."

तिथे लिहिलं होतं : व्हॉल्व्ह भिंतीला खेटून हाय.

"हाव. खळगीची भिंत आडवी येती, हवा एका अंगानं गुदमरती. तिथं कोरायचं म्हनलं व्हतं मी. तुमी म्हनल्या, खळगी मोठी झाली की दाब जातो."

"तेव्हा जात होता. आता खळगीला अडीच मिली वाढवून द्यायचेच आहेत."

मल्लिनाथ हळूच हसला. "म्हाताऱ्यानं श्वासाला जागा करून दिली की!"

"भिंत किती जाड आहे?"

"मागं इंजिन गार करायच्या पाण्याची वाट हाय. किती जाड, ते देवाला ठाऊक. पार गेलं की हेड भंगारात."

"कोरा," तनुजा म्हणाली. फळ्यासमोर आयुष्य काढलेल्या बाईने हे एका शब्दात म्हणावं, याचं मला फार नवल वाटलं. मी असतो तर समिती नेमली असती.

मग दुपारभर मल्लिनाथने कोरलं. दहा सेकंद कोरायचं, थांबायचं, अंगठा फिरवायचा, रॉकेल भरायचं. अठ्ठावीस. अठ्ठावीस पॉइंट चार. मशीनचा आवाज जरा पातळ झाला की तो हात उचलायचा; आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. तिसऱ्या खळगीला त्याने डोळे मिटून घेतले. मी विचारलं, बघत का नाही? "बघून काय करू, भिंतीच्या आतलं दिसतं का?"

चार वाजता चारही खळग्यांत तीस मिली. फरक थेंबाचा. आतून पाणी सोडून पाहिलं, कुठे पाझरलं नाही. मग हवा किती ओढली जाते ते मोजायला रुक्मिणबाईंचा व्हॅक्यूम क्लीनर हेडला जोडला. सलाइनच्या नळीतलं रंगीत पाणी काल असंच मोजून केलेल्या खुणेपासून चांगलं बोटभर सरकलं. आराखड्यात होती त्याहून जास्त हवा जात होती. मल्लिनाथने खडू घेतला आणि खोडलेली ओळ पुन्हा लिहिली, नुसतं 'हाय'चं 'व्हता' केलं.

संध्याकाळपर्यंत शर्यतवाल्यांचा अर्ज भरायचा होता. दाब : १०. मशीनकाम कुणाचं, या रकान्यात तनुजाने लिंबाजीकाकांचं नाव गावासकट लिहिलं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"काय मॅडम, वर घातलेलं कामी आलं का?"

"सगळं वापरलं, काका. थेंबभर वाया नाही गेलं."

"बगा! कागदावर तुमी कमीच लिव्हलं व्हतं. मला वाटलंच. पुढच्या टायमाला लाजू नका."

"नाही लाजणार," तनुजा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तनुजाच्या घरी गेलो तर फ्रिजवरच्या वेळापत्रकात एक सूत्र वाढलेलं होतं, चौकटीत, परीक्षेला हमखास येणाऱ्या सूत्रासारखं :

काकांना द्यायचा आकडा = हवा तो आकडा − ०.६