चार नंबरची लाईन

माझी बायको सुला गेल्याचं कळलं त्या दिवशी माझ्या खिशात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं : चिंकारा सात, मेंढरं नाहीत.

सकाळचे साडेदहा झाले असतील. हरणांची मोजणी संपवून आम्ही शाळेच्या ओट्यावर चहा घेत होतो. माझ्या जोडीला मोजणीवर असलेल्या तानाजीचा फोन वाजला. ऐकता ऐकता तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "कोंडीबा, चल गड्या. वैनीला पान लागलंय."

साप चावला की आमच्याकडं असंच म्हणतात, सापाचं नाव घेत नाहीत.

मेंढरं तिच्याशिवाय पाण्यावर आली म्हणून वस्तीवरचे लोक शोधायला गेले होते. डोंगरामागच्या ओघळीत ती पडलेली सापडली. फोन तिच्या हातात होता, पण तिथं रेंज नसते. आम्ही म्हसवडला दवाखान्यात पोचलो तोवर तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती. डॉक्टर म्हणाले, घोणस असावी, दोन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

सगळे मला म्हणाले, तू कामावर होतास, तू काय करणार. मी मान हलवत राहिलो.

ती कधी त्या ओघळीत जात नसे. बारा वर्षं आमच्या माळावरच मेंढरं चारायची. तिथं रेंज असते, रस्ता जवळ आहे, हाक मारली तर चार माणसं धावतील. त्या दिवशी ती ओघळीत गेली, कारण मी तिला पाठवलं.

आमच्या माळावर चिंकारा किती आहेत याचा अंदाज काढायला सांगलीच्या प्रीती मॅडम येतात. हरणं एकेक करून कुणाला मोजता येत नाहीत. म्हणून माळावर दोन-दोन किलोमीटरच्या सरळ लाईनी आखल्या आहेत. एका लाईनीवरून दोघांनी सकाळी गप्प चालायचं. हरीण दिसलं की थांबायचं आणि किती आहेत, किती लांब आहेत, कुठल्या बाजूला आहेत ते लिहायचं. असं तीन दिवस. बारा लाईनींवर जे दिसतं त्यावरून मॅडम सगळ्या माळाचा आकडा काढतात. त्यांनी आधीच बजावलं होतं, "काका, माळ जसा आहे तसाच राहू द्या. मेंढरं असली तर मेंढरं लिहा. काही नसलं तर शून्य लिहा. मला शून्यपण पाहिजे."

चार नंबरची लाईन मला आणि तानाजीला होती. ती आमच्या चराईच्या जागेतूनच जाते. पहिल्या दिवशी आम्ही लिहिलं : चिंकारा शून्य, मेंढरं साठ. ती साठ मेंढरं माझीच. शाळेवर आल्यावर बाकीच्यांनी कागद बघितला.

"कोंडीबा, तुझ्या हरणांना लोकर हाय की रं!"

"कातरायला कवा बोलवतोस?"

तानाजीपण हसला. दुसऱ्या लाईनींवर कुणाला दोन, कुणाला तीन दिसली होती. मी या माळावर जन्मलो आणि माझ्याच कागदावर शून्य. मला ते लागलं.

संध्याकाळी सुला भाकरी थापत होती. मी म्हणालो, "उद्या मेंढरं डोंगरामागं ने."

"का वं? तिकडं नुसती कुसळं हायती."

"मोजणी हाय."

"मग माझी मेंढरं बी मोजा की. बाईंचा आकडा लय मोठा यील."

"चेष्टा नको, सुला. लोक हसत्यात मला."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "लोक हसत्यात म्हणून व्हय?" म्हणाली. मग म्हणाली, "बरं, नेते. पर उद्याच. परवा न्हाई नेणार, तिकडं पाणी न्हाई."

दुसऱ्या दिवशी माळ मोकळा होता. निम्मी लाईन चाललो आणि तानाजीनं माझा दंड धरला. ऐंशी मीटरवर बोरीच्या झुडपांजवळ सात चिंकारा चरत होते. इतके एका जागी मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. मी आकडा लिहिला. मेंढरांच्या रकान्यात 'नाहीत' लिहिलं. तेव्हा सात वाजले होते. साधारण त्याच वेळी तिला साप चावला असावा.

तेराव्याला मॅडम आल्या. उठताना त्यांनी हळूच विचारलं, "काका, आत्ता विचारू नये, पण चार नंबरवर पहिल्या दिवशी साठ मेंढरं आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. मुद्दाम हलवली होती का? तसं असेल तर तो दिवस मला धरता येणार नाही."

माझी मुलगी प्रांजल उंबऱ्यात बसली होती. तिला मलकापूरला दिली आहे. तिनं मान वर केली.

मी म्हणालो, "न्हाई मॅडम. तिची तीच गेली तिकडं."

प्रांजल रडायला लागली. "आईचा हट्टच तसला. एकटं कोण जातं का त्या ओघळीत? तिला काय गरज होती?" आता ती हेच सगळ्यांना सांगते. परवा फोनवर म्हणाली, आईचा अजून राग येतो मला.

महिन्यानं मॅडमचा फोन आला. गेल्या खेपेपेक्षा आकडा वाढलाय, म्हणाल्या, आणि तुमच्या लाईनीचा त्यात मोठा वाटा आहे. मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या.

आता मेंढरं मी नेतो. ती सवयीनं चार नंबरच्या लाईनीवरच जातात. मी दिवसभर बोरीकडं बघत बसतो. मेंढरं असताना तिथं एकही चिंकारा आलेला नाही.

मॅडमचा नंबर माझ्याकडं आहे, प्रांजलचाही आहे. मेंढरं त्या दिवशी तिथं का नव्हती, हे मी दोघींनाही अजून सांगितलेलं नाही.