एकमताने मंजूर

आमच्या वेल्लमणलला ग्रामसभेला कोणी जात नाही, ग्रामसभाच घरी येते. सिंधू टीचरच्या काखेतून येते, निळ्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरात. अंगणवाडी सुटली की ती वॉर्डभर दारोदार फिरते आणि उंबऱ्यातूनच म्हणते, "चेची, कोरम!" म्हणजे ताई, हजेरीच्या सह्या द्या. आम्ही ओले हात लुंगीला पुसतो आणि सह्या ठोकतो. स्वतःची, नवऱ्याची, सासूची, घरात ज्याचं मत आहे त्या प्रत्येकाची. दहात एक मतदार हजर नसेल तर सभा रद्द, आणि सभा रद्द झाली की जाळ्याचं अनुदान, शेळ्या, संडास सगळंच लटकतं. सभा ठेवतात सकाळी अकराला. त्या वेळी पुरुष समुद्रात आणि आम्ही बायका डोक्यावर मासळीचं घमेलं घेऊन गावोगाव. मग सभेला काय चर्चमधले पुतळे जाणार?

फेब्रुवारीत रजिस्टर आलं तेव्हा मी बांगडे साफ करत होते. नेहमीसारख्या सह्या केल्या. डेन्सनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची सही मी इतकी वर्षं करतेय की त्याच्यापेक्षा मला ती जास्त वळणदार येते. "कशाची सभा आहे गं?" एवढंही मी सिंधूला विचारलं नाही. चूक तिथेच झाली, आणि ती माझीच.

आठ दिवसांनी पंचायतीच्या दारात तारल्या विकायला बसले होते. कारकून सुट्टे आणायला आत गेला, म्हणून सहज फळ्याकडे बघितलं. नवा कागद होता. घरकुल आराखडा. समुद्रालगतच्या एकशे बारा कुटुंबांसाठी चार मजली इमारती, जागा जुनं काथ्याचं गोदाम. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ग्रामसभेत एकमताने मंजूर. आणि त्याखाली यादी. पहिलंच नाव, ट्रीसा डेन्सन. मी.

काथ्याचं गोदाम सहा किलोमीटर आत आहे. रबराच्या झाडांत. तिथून समुद्राचा आवाजसुद्धा येत नाही.

मला घर नको होतं असं कोणी समजू नका. समुद्राने आमच्या घरांच्या दोन रांगा खाल्ल्या आहेत. गेल्या जूनमध्ये माझं स्वयंपाकघर गेलं, चुलीसकट. तेव्हापासून पुढच्या पडवीत रांधते. पण तीन वर्षं आम्ही एकच मागत होतो, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची जागा. रस्ता ओलांडला की कारखाना. जमीन पंचायतीचीच. पहाटे माणूस दारात उभं राहून पाण्याचा रंग बघतं आणि होडी काढायची की नाही ते ठरवतं. होडी टेकली की दहा मिनिटांत लिलाव संपतो. सहा किलोमीटरवरून कोण पोचणार? आणि मासळीचं घमेलं घेऊन बसमध्ये चढायला कंडक्टर देतो का, हे त्या आराखडा काढणाऱ्याने एकदा चढून बघावं.

कारखान्याच्या जागेवर पंचायतीला पर्यटकांच्या गाड्या लावायच्या होत्या. ते कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं.

मी घमेलं तिथेच ठेवलं आणि ग्लॅडस्टनला गाठलं. ग्लॅडस्टन आमचा वॉर्ड मेंबर. आमच्याच गल्लीतला, लहानपणी माझ्या कडेवर मुतलेला. आता त्याचं घर डांबरी रस्त्याला आहे, दुमजली. चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसला होता.

"काय रे, एकमत कोणाचं झालं?" मी विचारलं.

"तुमचंच, चेची. एकशे त्रेसष्ट सह्या आहेत."

"त्या कोरमच्या सह्या! आराखड्याला आम्ही कधी हो म्हटलं?"

"सभेत जे हजर होते त्यांनी म्हटलं. तू हजर होतीस. सही आहे तुझी."

"मी त्या दिवशी बांगडे विकत होते. तुझ्या बायकोनेच घेतले, चार!"

तो हसला. पेपराची घडी घातली आणि आवाज उतरवून म्हणाला, "मग डेन्सन चेट्टनची सही कोणी केली? तो तर समुद्रात होता. खोटी सही म्हणजे पोलीस केस होते, चेची. तुझं नाव मी स्वतः पहिलं घातलंय. पक्की भिंत, पक्का संडास, नळ. गप राहा आणि किल्ली घे."

मी भांडण अर्धं टाकून घमेल्याकडे परत फिरले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्याचा मला जेवढा राग आला तेवढा अजून कशाचा आलेला नाही. आमच्या सह्यांचीच त्याने आमच्या तोंडाला पट्टी केली होती. मी चार जणींशी बोलले, चौघींचंही तेच. प्रत्येकीने घरातल्या सगळ्यांच्या सह्या केलेल्या. प्रत्येकीला वाटत होतं, तोंड उघडलं तर आपण आत जाऊ.

हरकती ऐकायला जिल्ह्याहून नियोजनाच्या मॅडम आल्या. चर्चच्या हॉलमध्ये सुनावणी होती, दुपारी तीनला. मॅडम कोरड्या होत्या, पण ऐकणाऱ्या. टेबलावर निळं रजिस्टर. ग्लॅडस्टन शेजारच्या खुर्चीत, इस्त्रीचं पांढरं मुंडू नेसून. सिंधू टीचर भिंतीला चिकटून उभी.

"एकशे त्रेसष्ट जणांनी हजर राहून मंजुरी दिली आहे," मॅडम म्हणाल्या. "कोणाची हरकत आहे?"

हॉल भरलेला, आणि कोणी हूं की चूं करेना. ग्लॅडस्टन माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. मला माझी पडवी दिसत होती, पावसात भिजणारी. नळही दिसत होता, खोटं कशाला बोलू. चौथ्या मजल्यावरचा का असेना, पण दारातला नळ.

मी उठले.

"मॅडम, त्यातली एकोणपन्नासावी सही बघा. डेन्सन. ती खोटी आहे."

"कशावरून?"

"मी केलीय. या हाताने."

हॉलमध्ये खळबळ उडाली. ग्लॅडस्टन उभा राहिला. "चेची, खाली बस! काय बोलतेस कळतंय का?"

"आत्ताच कळलंय. तो त्या दिवशी खोल पाण्यात होता, बंदरावर नोंद आहे. सासूची सहीही माझीच. आणि माझी सही माझीच आहे, पण मी सभेला नव्हते. सभा कुठे झाली तेसुद्धा मला माहीत नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "याचा परिणाम काय होईल, माहीत आहे ना तुम्हाला?"

"यादीतून नाव जाईल. अजून काय?"

तेवढ्यात मागून कार्मेली अम्मच्ची काठी टेकत पुढे आली. ऐंशीची बाई, आवाज मात्र लिलाव पुकारणारीचा. मॅडमना म्हणाली, "पोरी, माझ्या नवऱ्याची पण बघ. अंतोणी. सत्तरच्या आसपास असेल. मीच केली."

"ते कुठे आहेत?"

"या हॉलच्या मागे. चार वर्षं झाली पुरून. मतदार यादीतून नाव काढायला कोणी आलंच नाही, मग मीही सही सोडली नाही."

मॅडमच्या बाजूचा कारकूनसुद्धा हसला. हसण्याने बायकांची भीती जरा मोडली. जसिंता उठली, मग लूर्द, मग मेबल. कोणी दुबईतल्या मुलाची सही केलेली, कोणी मंगलोरला होडीवर गेलेल्या भावाची. अकरा जणी उठल्या. बाकीच्या मान खाली घालून बसल्या. त्यांना मी दोष देत नाही, असं म्हणायला हवं. पण देते.

शेवटी मॅडमनी सिंधूला विचारलं, "खरे किती होते?"

सिंधू ग्लॅडस्टनकडे बघत होती. मग रडायलाच लागली. "सात, मॅडम. मला धरून."

ठराव तिथल्या तिथे रद्द झाला. महिन्याभरात ग्रामसभा परत घ्यायची, माणसं मोजून. पण मॅडम नियमाच्या पक्क्या. अकरा जणींची चौकशी होणार आणि चौकशी संपेपर्यंत आमची नावं घरकुलाच्या कुठल्याही यादीत राहणार नाहीत. त्यांनी स्वतः रेघ मारली. ग्लॅडस्टनला केवढं बरं वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

डेन्सन समुद्रावरून आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. पडवीत बसून कोरा चहा प्यायला. मला वाटलं, आता बोलेल, तुझ्या तोंडाने घर गेलं.

"रबराच्या झाडांत मी वल्हं कुठे ठेवलं असतं?" तो म्हणाला. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "पण विचारायचं होतंस."

"तू कुठे होतास विचारायला?"

"तेही खरंच."

ग्रामसभेच्या दिवशी वेल्लमणलची एकही होडी पाण्यात गेली नाही. सण नाही, वादळ नाही, बुधवार, आणि सगळ्या होड्या वाळूवर आडव्या. माल घ्यायला आलेले व्यापारी शिव्या देत परत गेले. सभा शाळेच्या मैदानात होती. पन्नास खुर्च्या मांडलेल्या, माणसं चारशेच्या वर. पुरुष तर असे अवघडून बसले होते, जसे लग्नाच्या फोटोला बसतात. सिंधूने रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि ती लांब उभी राहिली. डेन्सनने आपली सही केली. बघवत नव्हती.

ठराव मी मांडायचा नव्हता. चौकशीतल्या बाईने मांडला तर पुन्हा कोणी खोट काढेल, म्हणून जसिंताच्या दिराने वाचला. बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर घरं, दोन मजल्यांपेक्षा उंच नाहीत, खाली जाळी ठेवायला जागा. गाड्या कुठे लावायच्या ते पर्यटकांनी बघावं. आणि यादीतली नावं, एकशे एक.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा," मॅडम म्हणाल्या.

हात वर झाले. ग्लॅडस्टनला रांगेरांगेने मोजायला लावलं होतं. तो मोजत आमच्या रांगेशी आला. डेन्सनचा हात मोजला, कार्मेली अम्मच्चीचा मोजला आणि मला ओलांडून पुढे सरकला.

"ए," मी म्हटलं.

तो थांबला. दात ओठ खात म्हणाला, "चेची, या घरांत तुझं घर नाही. तू कशाला हात वर करतेस?"

"घर नाही ते मला ठाऊक आहे. मत आहे. मागे फिर आणि मोज. या वेळी मी स्वतः आलेय."