बुचाचा ब्रेक

सासऱ्यांनी ती दोन कडी दुकानाच्या दारात आणून भिंतीला टेकवली, तेव्हा सुनेला वाटलं, जुन्या पिंपाची असतील. मग ढग सरले, उन्हाची तिरीप आत आली आणि कड्यांवरच्या लाकडाच्या रेषा गोल गोल वाहायला लागल्या. सायकलच्या रिम होत्या त्या. पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून एकीवर एक चिकटवलेल्या, वरून मधाच्या रंगाचं व्हार्निश. सगळी थंडी म्हातारबुवा मागच्या खोलीत दार लावून काय करत होते, त्याचा आत्ता उलगडा झाला.

"या कड्यांची मला सायकल कर," एवढंच म्हणून ते खुर्चीत बसले.

सुनेने एक कडं उचलून उजेडात धरलं. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे जेवायला चला आणि दार लावून घ्या. तिचं सायकलदुरुस्तीचं दुकान हे चार दिवसांचं खूळ आहे, असं सासरे एकदा मुलापाशी म्हणाले होते आणि ते फिरत फिरत तिच्या कानावर आलं होतं. पण स्वतः ते उभ्या जन्माचे सुतार. त्यांच्या हातचं काम समोर आलं की राग धरून ठेवणं अवघडच.

तिने तारा ओवल्या, चाकं स्टँडवर चढवून त्यांचा आउट काढला, म्हणजे डुगडुग घालवली. धातूचं चाक फिरताना किणकिणतं. हे नुसतं श्वास घेतल्यासारखं फिरायचं. ती हातातलं काम सोडून बघत राहायची. चाक थांबलं की पुन्हा बोटाने ढकलायची, आणि बाहेरचा रस्ता, गिऱ्हाइकं, किती वाजले ते, सगळं विरघळून जायचं.

ब्रेकशी मात्र गाडी अडली. ब्रेकच्या रबरांचा तिचा एक खण होता, त्यात तिचा हात डोळे मिटूनही चुकला नसता. अॅल्युमिनियमच्या रिमला साधं काळं रबर. जुन्या चकचकीत लोखंडी रिमवर ते पावसात घसरतं, म्हणून तिथे चामड्याची पट्टी बसवलेलं. शर्यतवाल्यांच्या कार्बनच्या रिमला वेगळंच, खास त्याच्यासाठी बनवलेलं. आणि तेही अॅल्युमिनियमवर वापरून झालेलं नको, कारण रबरात रुतलेला धातूचा चुरा कार्बनला ओरबाडतो. लाकडासाठी त्या खणात काहीच नव्हतं. शेवटी रिम ती रिम, असं मनाशी म्हणत तिने काळं रबर लावलं आणि एक चक्कर मारायला निघाली.

कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि जळका वास आला. उतरून पाहते तर मधाच्या रंगावर काळपट ओरखडा, चाकभर. ती सायकल हातात धरून दुकानात परतली. सासऱ्यांनी त्या डागावरून अंगठा फिरवला, घासकागद काढला आणि घासायला बसले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने कार्बनवाल्यांचं रबर लावून पाहिलं. कोरड्या दिवशी ठीक. पण धुक्याची सकाळ आली तशी रिम दमट झाली, आणि ब्रेक आवळला तरी सायकल आपली तंद्रीत चालल्यासारखी पुढेच. तिच्या मुठीत जोर होता म्हणून निभावलं. सासऱ्यांचे हात आता कापायचे, त्यापायीच त्यांनी गिऱ्हाइकांची कामं सोडली होती. हलक्या दाबाला धरेल आणि लाकडाला खाणार नाही असं काहीतरी हवं होतं.

तिची ही सगळी खटपट सासरे खुर्चीतून बघत होते. एके दुपारी ते घरात जाऊन आले आणि तिच्यासमोर बाटलीला लावतात त्या बुचाचा एक ठोकळा ठेवला. घासकागद गुंडाळायचा ठोकळा. वर्षानुवर्षं धरून त्याला चार बोटांचे खळगे पडले होते.

"यातून काप," ते म्हणाले. "लाकडाला बूच कधी दुखवत नाही."

"बाबा, हा तुमच्या हाताला बसलाय."

"बसला होता. आता हातच त्याला बसत नाही."

ते त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की तिला मान वर करवेना. तिने पातं घेतलं. खळगे असलेली बाजू तिने तशीच ठेवली, पलीकडच्या बाजूने चार तुकडे काढले आणि ब्रेकच्या पकडीत घट्ट बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उताराच्या रस्त्याला लागली. सासरे पुढे, ती मागे आपल्या सायकलवर. धुकं इतकं दाट होतं की त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि तीही मधूनच पुसली जात होती. लाकडी चाकांचा आवाज नव्हताच. म्हातारा माणूस ढगातून तरंगत खाली चालल्यासारखा.

आणि वळणावर धुकंच हलायला लागलं. मेंढ्या होत्या, रस्ताभर. आपला ब्रेक आवळेपर्यंत ती त्यांच्या बगलेला येऊन पोचली होती. सासऱ्यांची कापरी बोटं ब्रेकवर मिटलेली तिला दिसली. बुचाचा भाजलेल्या पावासारखा वास आला. सायकल हळूहळू मंदावत गेली आणि पहिल्या मेंढीच्या नाकाशी उभी राहिली.

तिचा जीव भांड्यात पडला. मेंढ्या दोन्ही अंगांनी वाहत होत्या, उबदार, ओल्या लोकरीच्या. सासरे मध्ये पाय टेकून उभे होते, पाण्यात उभं राहावं तसे. मेंढपाळाने जाता जाता हात वर केला, त्यांनीही केला. शेवटची मेंढी धुक्यात शिरली तेव्हा सुनेने वाकून रिम पाहिली. दमट होती, पण डाग नव्हता.

"हलकं दाबलं मी," ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"दिसलं मला."

ते तिच्या सायकलकडे बघत राहिले. मग विचारलं, "तुझ्या चाकांचं माप काय गं?"

तिने सांगितलं. परतीच्या चढावर दोघं सायकली हातात धरून चालत होती, आणि सासरे तो आकडा हळू आवाजात घोळवत होते, विसरू नये म्हणून.