भंवरकुआं: निरंक

सकाळी दहाला कचरागाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिच्या भोंग्यातून अनुश्रीचाच आवाज अनुश्रीच्या घरात शिरला.

"नागरिकों से विनम्र अनुरोध है, घबराएँ नहीं. घर में रहें, दूरी बनाए रखें. किसी भी आवश्यकता पर हेल्पलाइन से संपर्क करें. सहायता तत्काल आप तक पहुँचेगी."

अनुश्री स्वयंपाकघरात सासऱ्यांसाठी मोजून अर्धी वाटी पाणी काढत होती. कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल दाबलेला, आणि मोबाइलवर तीच हेल्पलाइन गेली बावीस मिनिटं सनई वाजवत होती. तीन आठवड्यांपूर्वी तिने ही घोषणा रेकॉर्ड केली तेव्हा जुनी इंदूर वस्तीतल्या या गल्लीत तिचा केवढा रुबाब झाला होता. हिंदी शिकवणारी बाई, उच्चार स्वच्छ, म्हणून शहराच्या जनसंपर्क कार्यालयातल्या रुची मॅडमनी शाळेतून तिलाच निवडून नेलं. 'तत्काल' हा शब्द तर तीनदा म्हणवून घेतला. आता तोच शब्द रोज सकाळी दारात येऊन तिला वाकुल्या दाखवून जात होता.

दारात म्हणजे बांबूंच्या पलीकडे. रविवारी संध्याकाळी वॉर्डाचे चार जण आले, ओट्यासमोर दोन बांबू आडवे बांधले, भिंतीवर लाल कागद डकवला आणि निघून गेले. घरात माणसं दोनच. अनुश्री आणि तिचे सासरे जयसिंगराव, म्हणजे आबासाहेब. नवरा नोकरीसाठी नागपूरला, तो तिकडेच अडकलेला. दोघांनाही ताप नाही, खोकला नाही, साधी शिंकसुद्धा नाही.

मग बांबू कशासाठी? तर अर्पितसाठी. अर्पित हा सांवेरच्या चुलत दिरांचा मुलगा. कोचिंगसाठी इंदूरला आला आणि भंवरकुआंच्या एका हॉस्टेलमध्ये राहतो. या घराची एक जुनी रीत होती. नात्यातलं जे कोणी शिकायला किंवा नोकरीला शहरात येईल, त्याने पत्ता इथलाच लिहायचा. आबासाहेबांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. नोकरी शोधत येणारा प्रत्येक पाहुणा तेव्हापासून या घराच्या नावावर शहरात पाय रोवायचा. आज त्याला सिमकार्ड, बँक, आधार असली नावं आली, एवढाच फरक. राहायला आलं नाही तरी चालेल, पण कागदावर नाव घराचं हवं, हा आबासाहेबांचा अभिमान. अर्पितच्या आधारवर म्हणूनच जुन्या इंदूरचा पत्ता होता.

शनिवारी त्या पोराला ताप आला. टेस्टच्या रांगेतून त्याने फोन केला, "काकी, ॲड्रेस कौनसा डालूं? हॉस्टेल का?"

आणि अनुश्रीने, शाळेत आयुष्यभर फॉर्म तपासलेल्या बाईने, उत्तर दिलं, "अरे आपलाच घाल. आधारवर तोच आहे ना? मिसमॅच झालं तर रिपोर्ट अटकेल."

रिपोर्ट अडकला नाही. अडकले आबासाहेब. रविवारी संध्याकाळच्या वस्तीवार रुग्णसंख्येच्या पत्रकात छापून आलं, 'जुनी इंदूर: १'. आणि चार ओळी खाली, 'भंवरकुआं: निरंक'. जिथे पोरगं तापाने फणफणत पडलं होतं, चाळीस मुलं एकाच मेसमध्ये जेवत होती, तिथे शून्य. आणि जिथे दोन धडधाकट माणसं होती, तिथे बांबू.

धडधाकट एका अर्थाने. आबासाहेबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी अकरा वाजता डायलिसिस. सोमवारचं बांबूंनी हुकवलं. आज गुरुवार. पाय सुजून खांबासारखे झाले होते, आणि कालपासून आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्र त्यांनी खुर्चीत बसून काढली होती. सेंटरची सिस्टर भली होती. म्हणाली, "आणा तुम्ही, गेटवर टेस्ट करू आम्ही. पण अकराच्या आत, आणि गाडी तुमची." गाडी! कर्फ्यूत रस्त्यावर रिक्षा नाही, स्कूटरवर बसण्याची आबासाहेबांची ताकद नाही, आणि बांबू पाहून कोणी थांबेना.

सनई थांबली. "हेल्पलाइन से मानस बोल रहा हूँ."

"मानसजी, मी जुन्या इंदूरहून, ते सील केलेलं घर. चार दिवसांत आठव्यांदा फोन करतेय."

मुलगा मराठीच निघाला. "हां मॅडम, सिस्टममध्ये दिसतंय. तुमच्या घरी एक पॉझिटिव्ह आहे."

"माझ्या घरी नाही. तो भंवरकुआंला आहे, हॉस्टेलमध्ये."

"भंवरकुआंला तर कोणी पेशंट नाहीये, मॅडम. निरंक आहे."

"अहो, तो तिथेच झोपलाय आत्ता! मी अर्ध्या तासापूर्वी बोलले त्याच्याशी!"

"पर सिस्टममध्ये तो तुमच्याकडे आहे ना."

अनुश्रीने ओठ चावला. "बरं, ते राहू दे. माझ्या सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचंय. ॲम्ब्युलन्स पाठवा."

"ते पॉझिटिव्ह आहेत?"

"नाहीत."

"मग कसं पाठवणार? ॲम्ब्युलन्स पॉझिटिव्हसाठी आहे, मॅडम."

"आणि जो पॉझिटिव्ह नाही, त्याने काय करायचं? बसून मरायचं?"

मग मानस अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, घबराएँ नहीं."

अनुश्रीने फोन ठेवला नाही, आपटला. वाटीतलं अर्धं पाणी सांडलं. ते आबासाहेबांचं सकाळचं पाणी होतं. ती तिथेच फरशीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. तिला त्या मानसचाही राग नव्हता. तिला राग होता स्वतःच्या वळणदार अक्षराचा, कागद बरोबर असला की माणूस सुखरूप राहतो या आपल्या अडाणी विश्वासाचा.

समोर, बांबूंपासून वीस पावलांवर, समोरच्या घरातल्या बाबूरावांची पिवळी स्कूलव्हॅन उभी होती. शाळा बंद, व्हॅन बंद. गेलं वर्षभर दर सोमवारी आणि गुरुवारी आबासाहेबांना तेच सेंटरला सोडत. रविवारी पत्रक मोबाइलवर फिरलं आणि तेव्हापासून त्यांनी फोन उचलला नव्हता. त्यांच्या बायकोला, मंजिरीला, हृदयाचा त्रास. ते घाबरले होते, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. दूरी बनाए रखें, असं त्यांना रोज सकाळी कोण सांगत होतं?

"सूनबाई," खुर्चीतून आबासाहेबांचा आवाज आला. दोन शब्दांच्या मध्ये एक श्वास. "तुझा आवाज... आला बघ... गाडीवर. छान येतो."

त्या कौतुकाने तिच्या डोक्यात काहीतरी सटकलं. ती उठली, मास्क चढवला आणि ओट्यावर आली. कचरागाडी घरासमोरून पुढे चालली होती.

"भिया! ओ भिया, रुको!"

ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण खाली उतरला नाही. "मैडम, आपके घर का कचरा नहीं ले सकते. उसकी गाड़ी अलग है."

"कचरा नहीं देना. वो माइक दो मुझे. दो मिनट."

"माइक?"

"जो टेप रोज बजाते हो, उसमें मेरी ही आवाज़ है. आज थोड़ा और बोलना है."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, लाल कागदाकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या खुर्चीकडे आणि खुर्चीतल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग टेप बंद केली, गाडी मागे घेतली आणि माइकची वळलेली वायर ताणून माइक बांबूवर ठेवला. "जल्दी बोल लो, मैडम. मेरी नौकरी का सवाल है."

अनुश्रीने माइक पुसला आणि सवयीने घसा साफ केला. "सभी रहवासियों को सूचित किया जाता है कि इस घर में कोई भी मरीज़ नहीं है. एक बुज़ुर्ग को डायलिसिस हेतु तत्काल वाहन की आवश्यकता है. कृपया सहयोग करें."

गल्ली ढिम्म. एक पडदासुद्धा हलला नाही. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून मंजिरीचा आवाज तेवढा खाली आला. ती आत कोणाला तरी सांगत होती, "काही नाही हो, तीच टेप."

तीच टेप! तीन आठवडे ऐकून ऐकून गल्लीच्या कानांना त्या आवाजाचे घट्टे पडले होते. अनुश्रीने ते शब्द इतके नीट, इतके शुद्ध म्हटले होते की त्यात जिवंत माणूस आहे असं कोणाला वाटेना. तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि मग दोन्ही बाजूला सारून आला तो संताप.

"बाबूराव!" ती ओरडली. भोंगा कर्कश वाजला. "अहो बाबूराव, ही टेप नाहीये! मी अनुश्री बोलतेय! मंजिरीवैनी, खिडकी उघडा, मला माहितीय तुम्ही तिथेच उभ्या आहात!"

खिडकी उघडली. मग तिच्या शेजारची. मग त्याही पुढची.

"ऐका सगळे. अर्पित इथे नाहीये. दिवाळीपासून त्याने या घरात पाय नाही ठेवला. तो भंवरकुआंला आहे. पत्ता इथला लिहिलाय, आणि तो लिहायला मीच सांगितला. गलती माझी आहे, सरासर माझी. सजा आबासाहेबांना कशाला? सोमवारचं डायलिसिस हुकलं. आज अकरा वाजता आहे. आज हुकलं तर..."

ते वाक्य तिने चार दिवसांत मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं. आताही झालं नाही. भोंग्यातून तिचा नुसता श्वास गल्लीभर ऐकू आला.

"तीन आठवडे मीच तुम्हाला सांगतेय, घरात रहा, लांब रहा, जवळ जाऊ नका. तुम्ही ऐकलंत माझं. बरोबर केलंत. आता मीच सांगतेय, बाबूराव. या. एक वेळ या."

माइक तिने बांबूवर ठेवला. ड्रायव्हर तो उचलायचं विसरला होता.

दोन मिनिटं गेली असतील. तिला ती फार मोठी वाटली. मग समोरचं दार करकरलं आणि बाबूराव बाहेर आले. तोंडावर दोन मास्क, त्यावर गमछा, हातात किल्ली. चेहरा दिसत नव्हता, पण मान खाली होती. ते आले ते रागावतच.

"वैनी, एवढा तमाशा कशाला? फोन करायचा ना."

"सतरा केले, भाऊजी."

बाबूरावांनी किल्ली खिशात टाकली आणि बांबूची दोरी सोडायला घेतली. गाठ पक्की होती, सुटेना. शेवटी कचरागाडीचा ड्रायव्हर उतरला आणि दोघांनी मिळून ती सोडवली. वरून मंजिरीवैनी ओरडून सांगत होत्या, "खिडक्या उघड्या ठेवा हो गाडीच्या! आणि आबासाहेबांना शाल द्या!"

आबासाहेब व्हॅनमध्ये पोरांच्या बुटक्या बाकावर बसले. सेंटरच्या गेटवर पोचले तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. टेस्ट निगेटिव्ह आली. अनुश्रीला त्याचं काहीच वाटलं नाही. ते तिला चार दिवसांपासून माहीत होतं.

संध्याकाळी आबासाहेब पहिल्यांदा आडवे होऊन झोपले. बाबूरावांनी परतल्यावर बांबू पुन्हा जागच्या जागी टेकवून ठेवले होते, गाठ मात्र सैल. अनुश्रीने मोबाइल उघडला. जुनी इंदूर: १. भंवरकुआं: निरंक. तेवढ्यात फोन वाजला. रुची मॅडम.

"अनुश्रीजी, आपकी कंप्लेंट मिली..." असं काहीतरी त्या म्हणतील, असं तिला क्षणभर वाटलं. त्या म्हणाल्या, "अनुश्रीजी, नई रिकॉर्डिंग करनी है. कल सुबह आ जाइए."

"माझं घर सील आहे, मॅडम."

"अरे! बताया क्यों नहीं? दस मिनट में हटवा देती हूँ."

अनुश्रीला वाटलं आपण ऐकताना चुकलो. चार दिवस, आठ फोन, एका म्हाताऱ्याचा कोंडलेला श्वास, आणि यांची दहा मिनिटं! तिने आवाज सांभाळून विचारलं, "वाचायचं काय आहे?"

रुची मॅडमनी वाचून दाखवलं. "भंवरकुआं क्षेत्र में स्थिति पूर्णतः सामान्य है. विद्यार्थी एवं अभिभावक निश्चिंत रहें."

दुपारीच अर्पितचा फोन आला होता. त्याच्या खोलीतल्या दोघांना ताप होता.

"हे मी नाही वाचणार, मॅडम."

"पर क्यों? डेटा तो यही है."

"डेटात जे पोर माझ्या घरी आहे ना, ते तुमच्या भंवरकुआंला आहे. आधी ते तिथे लिहा. मग बोलवा, चालत येईन."

पलीकडून 'देखती हूँ' आलं. शहरात त्या दिवसांत 'नाही'ला हाच शब्द होता. बांबू हटले नाहीत.

रात्रीच्या जेवणाआधी तिने अर्पितला फोन लावला. "तुझ्या त्या दोघा मित्रांना उद्या टेस्टला पाठव. आणि ऐक, ॲड्रेस हॉस्टेलचाच लिहायचा. आधारवर काहीही असू दे."

"पर काकी, मिसमॅच होईल ना?"

"होऊ दे. जिथे झोपता तिथला लिहा. आणि मेसमधल्या सगळ्यांना हेच सांग."

आबासाहेब आतून ऐकत होते. पत्ता आपलाच लिहावा, हा त्यांचा साठ वर्षांचा आग्रह. ते खाकरले. म्हणाले, "बरोबर सांगितलंस." आणि कूस बदलून झोपले.

सोमवारी सकाळी कचरागाडी आली तेव्हा भोंग्यात कोणा दुसऱ्याच बाईचा गोड आवाज होता. भंवरकुआंची स्थिती पूर्णतः सामान्य असल्याचं सांगत ती गल्लीतून पुढे गेली. लाल कागद अजून भिंतीवर होता. साडेदहाला बाबूरावांच्या व्हॅनचा हॉर्न वाजला. अनुश्री आबासाहेबांचा हात धरून ओट्यावर आली, एका हाताने बांबू बाजूला सारला.

संध्याकाळी परत आल्यावर तिने पत्रक पाहिलं. जुनी इंदूर: १. ते तसंच होतं. बोट खाली सरकवलं.

भंवरकुआं: ११.